दादाच्या नावाचा बिल्ला

सोमवार, ८ तारीख

लिहायचं लिहायचं म्हणत इतके दिवस घालवले. विमानात लिहीन म्हटलं, तर ढग बघत बसलो. काल खोलीत लिहीन म्हटलं, तर खिडकीतून भाड्याच्या सायकली दिसल्या आणि मी अख्खं विद्यापीठ पालथं घातलं. काय आवार आहे! विटांच्या इमारती, मधोमध तळं, आणि वाचनालयाची दारं आपण जवळ गेलो की आपोआप उघडतात. मी उगाचच आत-बाहेर करत राहिलो, तर आतला पहारेकरी डोळे वटारायला लागला. पायऱ्यांच्या सांध्यांत हिरवंगार शेवाळ आहे. दादा असता तर तिथेच फतकल मारून बसला असता.

शेवाळावरचा निबंध त्याचाच. उमेदीची वर्षं त्यात घातली त्याने. पण नमुना खरवडताना भिंतीवरून पडला, पाय प्लास्टरात; म्हणून निबंध वाचायला मी. वहिनी म्हणाली, दहावीला दोनदा बसलेले भाऊजी परिषदेला निघाले, आता शेवाळालाही घाम फुटेल. दादा हसला नाही. म्हणाला, एवढंच नीट सांग, की काम माझं आणि वाचणारा तू.

सकाळी नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी दोन बिल्ले पुढे केले. एक दादाचा, नावामागे डॉक्टर लावलेला. दुसरा माझा, नुसताच. विचारलं, यातले आपण कोण? मी दादाचा उचलला. गंमत म्हणून. मग दिवसभर सगळे अदबीने वागले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंगळवार, ९

नाश्त्याला एक दाढीवाले प्राध्यापक शेजारी बसले. मला दादा समजून कुठल्याशा दुर्मीळ शेवाळाबद्दल खोदून खोदून विचारू लागले. आता फजिती, म्हणून तोंड उघडलं, तर उत्तर बाहेर पडलं. शास्त्रीय नावासकट! मी ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुपारी वहिनीचा फोन. म्हणाली, यांना सकाळपासून एका शेवाळाचं नाव आठवत नाहीये, डोकं धरून बसलेत. कुठल्या, ते तिने वर्णन करून सांगितलं. तेच ते. नाव माझ्या जिभेवर होतं. सांगितलं नाही.

बुधवार, १०

निबंध कागद न उघडताच म्हटला. सभागृहात टाळ्या. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, हे सगळं काम आपलंच ना? तेव्हा तरी बोलायला हवं होतं. कालचं सगळं माहीत असून मी हो म्हणालो. टाळ्या पुन्हा ऐकायच्या होत्या मला. बस, तेवढ्यासाठी.

बाहेर येतोय तोच वहिनीचा फोन. दादा भिंतीवरच्या पदवीच्या फोटोकडे बोट दाखवून विचारतोय, हा काळ्या झग्यातला कोण? वहिनी हसत सांगत होती, गोळ्यांची गुंगी म्हणे. हसता हसता रडायला लागली.

गुरुवार

टेबलाशी गेलो. बिल्ला काढून ठेवला. खरं सांगतो म्हटलं, मी तो नव्हेच. बाईंनी विचारलं, मग आपण कोण? मी नाव सांगितलं — दादाचंच निघालं. पुन्हा प्रयत्न केला — पुन्हा तेच. बाई हसल्या. डॉक्टर फार विनोदी आहेत म्हणाल्या, आणि बिल्ला स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातला.

घरी फोन केला. वहिनी मला ‘अहो’ म्हणाली. मला! म्हणाली, तुम्ही लवकर या, भाऊजी पाय मोडून पडलेत तरी भटकायला जायचं म्हणतात, सासूबाई वैतागल्यात. मागे कोणीतरी शीळ घालत होतं. माझी शीळ. तशी घरात दुसरं कोणी —

शुक्रवार

दादा, चुकलो रे — पण दादा म्हणजे मीच ना? आई मला कुठल्या नावाने हाक मारते? आठवत — नाही

टेबलावरून फोन. डॉक्टर, तुमचे धाकटे भाऊ आत्ताच आलेत. पायाला प्लास्टर, तरी लिफ्ट नको म्हणाले, जिन्यानेच वर येतायत. त्यांचं काहीतरी तुमच्याकडे राहिलंय म्हणे, ते घ्यायला —