कंसातलं अक्षर

६ ऑक्टोबर १९९७, सोमवार
हेमचंद्र साहेबांचा फतवा— चिपचा कोड लिहिताना चौकोनी कंसात फक्त आकडा. अक्षर दिसलं की चूक! मीनलच्या एका ओळीत अक्षर निघालं. तिचं प्रोबेशन पुढच्या सोमवारी संपतंय. "कायम करता येणार नाही," म्हणे.
इथल्या मोरिवली गावातली पोरगी. घरात मिळवती ही एकटीच. जिन्यात मला धरून म्हणाली, "मॅडम, कोड टेस्टला तर पास झाला ना! मग मी काय चुकले?"
काही नाही, बाई. साहेब आठ वर्षं साहेब आहेत, त्यात वाचायला वेळ कुठला!

७ ऑक्टोबर
साहेबांना समजावलं. कॅम्प पाचमधली निर्वासितांची बराक घ्या. सोळा खोल्या, तसे सोळा बिट. कुठल्या एका खोलीचं दार वाजवायचं ते आयत्या वेळी ठरलं तरी चालतं; तिथे कंसात अक्षर चालतं. मीनलने तेवढंच केलंय. ‘इथपासून तिथपर्यंत’ खोल्यांची रांगच उचलायची असेल, तर मात्र दोन्ही टोकांना ठरलेले आकडे हवेत. बंदी आहे ती एवढीच!
"मी बराकीत राहत नाही, मॅडम."
साहेब राहिले असते तर चार दारं तरी मोजता आली असती!

८ ऑक्टोबर
साहेबांकडे कोडच्या नियमांचं मॅन्युअल मागितलं. "कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे." असा संताप आला!

९ ऑक्टोबर
आजही किल्ली नाही.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
आज मॅन्युअल बाहेर आलं— पूजेला! कॉम्प्युटरला हळदकुंकू, मॅन्युअलवर झेंडू, दरवर्षीसारखं. पूजेतलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही म्हणतात. मी उचललं. फुलं जमिनीवर. तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. आता दाखवतेच!
उघडायच्या आत साहेब म्हणाले, "पान चौऱ्याऐंशी, खालून तिसरी ओळ. मीनल बरोबर आहे. ठाऊक आहे मला."
त्यांनी उठून दार लावलं.
"वरून हुकूम आहे, सेक्शनमधला एक माणूस कमी करा. ती, नाहीतर तुम्ही. पंचेचाळिशीनंतर बाहेर कोण घेतं हो? बोला. उघडायचं पुस्तक?"

११ ऑक्टोबर, दसरा
मीनल आईला घेऊन सोनं द्यायला आली होती. मी आतूनच ह्यांना खुणावलं— घरी नाही म्हणा.