वॉटफर्डमध्ये स्पॅनिश ब्लॉकचेन

११ जानेवारी २०२५, शनिवार
डिसेंबरात ब्रॅकनेलच्या आमच्या कंपनीने रिस्ट्रक्चरिंग केलं. नव्या रचनेत मी बसलो नाही, नोकरी गेली. दुसरा कोणी खचला असता. मी हा सिग्नल समजतो.

बायको नीना हॉस्पिटलात काम करते, तिच्या वॉर्डातली नर्स रोसियो, मूळची स्पेनमधल्या सेव्हिलची, आज चहाला आली होती. म्हणाली, इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांना फोनवर सारखे क्रिप्टोचे मेसेज येतात, आणि त्यांच्या भाषेत नीट समजावणारं कुणी नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, मी शिकवीन. क्रिप्टोही, ओपन सोर्सही, म्हणजे कुणालाही वाचता-सुधारता येईल असा मोफत कोड कसा लिहायचा ते. आणि स्पॅनिशमध्येच.

नीनाने विचारलं, तुला स्पॅनिश कधीपासून येतं? आमची एक टीम व्हॅलेन्सियाला होती. त्यांचे कॉल मी वर्षानुवर्षं ऐकलेत. म्यूटवर होतो, पण मी. ते नव्हते.

१८ जानेवारी
अ‍ॅपवर रोज अभ्यास. सोपी भाषा आहे. ब्लॉकचेनला, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांच्या नोंदींची जी साखळी असते तिला, तेही ब्लॉकचेनच म्हणतात. निम्मं काम झालं.

लेक देविकाला GCSEला, म्हणजे इथल्या दहावीला, स्पॅनिश आहे. ऐकून म्हणाली, बाबा, तुझा भाषा खूप चुकीचा आहे. जिला ‘तुझी भाषा’ म्हणता येत नाही, तिचं मत मी का मानावं?

१ फेब्रुवारी, शनिवार
पहिला क्लास. लायब्ररीची वरची खोली, माझ्या कार्डावर बुक केलेली. चांगली गर्दी. रोसियोने अंपारोबाईंना आणलं होतं. कोलंबियात भूगोल शिकवायच्या, आता रिटायर होऊन मुलाकडे राहतात. सगळं लिहून घेतात.

ओळख करून देताना ‘मी विवाहित आहे’ म्हणायचं होतं, ‘मी दमलेला आहे’ असं म्हणालो. स्पॅनिशमध्ये एका अक्षराचा फरक. सगळ्यांनी सहानुभूतीने पाहिलं. घरी सांगितलं तर नीना म्हणाली, मग चुकलास कुठे?

रोसियोने सुचवलं, तुम्ही इंग्रजीत शिकवा, मी भाषांतर करते. स्पष्ट नकार दिला. मध्ये दलाल नको, हेच तर क्रिप्टोचं मूळ तत्त्व.

८ फेब्रुवारी, सकाळी
आजचा विषय फसवणूक. मुख्य वाक्य तयार. ‘नो’ म्हणजे नाही. ‘दूदे’ म्हणजे शंका घ्या. आरशासमोर मोठ्याने घोकत होतो. नीना दुधाचा जग समोर ठेवून गेली.

दुपारी
अपूर्व यश. अंपारोबाईंनीच फोन पुढे केला. कुणी सल्लागार म्हणवणारा त्यांना नवं कॉइन घ्या म्हणतोय, पैसे दुप्पट होतील म्हणे. बहिणीला भेटायला कोलंबियातल्या काली शहरात जायचं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे आहेत. पाठवू का?

मी टेबलावर हात आपटला. नो दूदे. पुन्हा, आणखी जोरात, नो दूदे. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. असा क्षण ब्रॅकनेलमध्ये कधी आला नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
रोसियोचा फोन. आवाज अगदी थंड. अंपारोबाई आज पैसे पाठवायला बसल्या होत्या. आनंदाच्या भरात आधी रोसियोला कळवलं, तूही घे, प्रोफेसरांनी सांगितलंय. रोसियो ड्यूटीवरून युनिफॉर्ममध्येच धावत गेली. शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं म्हणून वाचल्या.

देविकाने खुलासा केला. नो म्हणून थांबलं आणि मग दूदे म्हटलं, तर ‘नाही, शंका घ्या’. एका दमात म्हटलं, तर ‘शंका घेऊ नका, खुशाल पाठवा’.

म्हणजे विषय बरोबर. शब्दही बरोबर. फक्त पूर्णविराम राहिला. याला भाषा न येणं म्हणत नाहीत.

जेवण मात्र गेलं नाही.

१२ फेब्रुवारी
नारळाच्या वड्या घेऊन अंपारोबाईंकडे गेलो. स्पॅनिशमध्ये पूर्ण भाषण तयार होतं. दार उघडलं आणि एक शब्द आठवेना. शेवटी इंग्रजीत सॉरी म्हणालो. त्यांनी आत बोलावलं, कॉफी दिली. त्याही हळूहळू इंग्रजीतच म्हणाल्या, तुमचा आवाज फार खणखणीत आहे, अशा आवाजावर माणूस विश्वास ठेवतो.

ऐकून बरं वाटलं. बसस्टॉपपर्यंत पोचल्यावर वाटेनासं झालं.

क्लास बंद करणार नाही. एका पूर्णविरामापुढे मी झुकणार नाही.

१ मार्च, शनिवार
अंपारोबाई आल्या. नेहमीच्याच खुर्चीत बसल्या. त्यांचीच कल्पना, अशा मेसेजपासून सावध करणारं एक पान आपण स्पॅनिशमध्ये करायचं, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. कोड कसा लिहायचा, नेटवर कसा टाकायचा, ते मी शिकवलं. इंग्रजीत. रोसियोने भाषांतर केलं. ही तात्पुरती सोय आहे.

पहिला परिच्छेद मी स्वतः स्पॅनिशमध्ये लिहिला. संध्याकाळपर्यंत वर्गाने तो इतका सुधारला की माझा एकही शब्द उरला नाही. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. शिष्य पूर्ण तयार झाले.

२९ मार्च, शनिवार
रीडिंगच्या एका चर्चने आपलं पान त्यांच्या लोकांसाठी घेतलं. नीना म्हणाली, पद्माकर, हे मात्र खरंच चांगलं झालं. तिच्या तोंडून ‘मात्र’ टाळता आलं असतं.

क्लास आता रोसियो घेते. नोटिशीवर तिचं नाव आहे. खोली माझ्याच कार्डावर बुक होते, म्हणजे मूळ सूत्रं कुणाकडे ते उघड आहे. मी पुढच्या रांगेत बसलो. अंपारोबाई शेजारी बसून प्रत्येक गोष्ट मला कानात इंग्रजीत समजावत होत्या. साखळीतला मधला एक ब्लॉक बदलला तर पुढचे सगळे का बिघडतात, हे आज पहिल्यांदा नीट कळलं. कुणाला सांगायची गरज नाही.

तेवढ्यावरून एक मूलभूत प्रश्न सुचला. हात वर केला. उभा राहिलो आणि इंग्रजीचा एकही शब्द न वापरता संपूर्ण प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारला.

रोसियो दाराकडे बोट दाखवत म्हणाली, खालच्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला.

ताठ मानेने जाऊन, हात धुऊन आलो.