मुलांना घरी सोडणे: चार तास

३ मार्च
सिंगापूरच्या बुकित बातोकमध्ये कायदा उरलेला नाही. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत टेबल अडवायला इथल्या रिवाजाप्रमाणे टिश्यूचं पाकीट ठेवून कॉफी आणायला गेलो. येतो तर पाकीट बाजूच्या खुर्चीवर, आणि टेबलाशी एक आजोबा, नूडल्ससकट. या देशात आता कोणीच सुरक्षित नाही. निषेध म्हणून उभ्याने प्यायलो.

४ मार्च
नवं काम. इथल्या एका फाउंडेशनने अमेरिकेतल्या एका सेंटरला पैसे दिलेत. गोळीबारात घरचं माणूस गेलेली, काही स्वतः जखमी झालेली, अशी तीस मुलं संध्याकाळी तिथे येतात. पैसे वाया जातात का, हे मी ठरवायचं. वीस वर्षं बँकेत ऑडिट केलंय. मला कोणी गुंडाळू शकत नाही.
संकल्प: भावनेला थारा नाही. शिवाय रोज चालायला जाणे.

७ मार्च, सकाळी ८
झूमवर सेंटरची मॅनेजर कादंबरी. मूळची सांगलीची. पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाली. दोन मार्क कापले.
चालायला गेलो नाही. दमट होतं.

११ मार्च
चोरी सापडली! खर्चात एक ओळ: मुलांना घरी सोडणे, रोज चार तास. नकाशात मोजलं. सगळ्यात लांबचं घर चारशे मीटर! आमची मुलगी क्षिप्रा चौदाची, रात्री दहाला बबल टीसाठी एकटी याच्या दुप्पट जाते. कादंबरीला विचारलं, तुमची पोरं काय कुबड्यांवर आहेत? म्हणाली, दोन आहेत, काका. वर म्हणाली, मीटर नका मोजू, कोपरे मोजा.
काव्य. ओळ कापली.

१२ मार्च
क्षिप्राला रिपोर्ट वाचून दाखवला. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, पा, यू नेव्हर गो देअर वन, लाह. मराठीत बोल म्हटलं तर उठूनच गेली. जायचं कशाला? नकाशात फुटपाथसुद्धा दिसतो.

१४ मार्च
फाउंडेशन खूश. सोमवारपासून ती ओळ बंद.

२५ मार्च
हजेरी आली. तीस. मग अकरा. मग चार. पोरांना शिस्त नाही. प्रेरणादायी पोस्टर लावायला सुचवलं.

२६ मार्च
कादंबरीचं उत्तर: लावलं, सर. वाचायला कोणी नाही.
सर. सुधारणा आहे.

२८ मार्च, सकाळी ८
तिचा फोन. चार मुलं येतात ती कोचमुळे. कोच म्हणजे घरी सोडणारा माणूस. पगार बंद झाला तरी सोडतोय. मांडीत जुनी गोळी आहे, हळू चालतो. तिथे गोळ्या कोपऱ्यांवरच चालतात, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर आधी पुढे जाऊन बघतो. एकेकाला दारात सोडून, आतून कडी लागेपर्यंत थांबतो. म्हणून चार तास. मी म्हटलं, हे आधी सांगायला हवं होतं. म्हणाली, पैशांसाठी केलेल्या आमच्या अर्जाच्या पान सातवर आहे.
पान सात आज वाचलं.

३१ मार्च
फाउंडेशनला लिहिलं, ओळ परत घाला. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बघू. तुमचा रिपोर्ट फारच पटण्यासारखा होता.
कोचच्या दहा संध्याकाळींचे पैसे माझ्या खात्यातून पाठवले. बायकोला बोललो नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं, थकबाकी.