तिसऱ्या सहीची जागा

प्रिय नॉर्मंददादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (डॉक्टरकडे गेला नसशीलच.) फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. इकडे बटाटे निघाले, शेतं रिकामी झाली, आणि मला आठवडाभर अन्न गोड लागत नाहीये.

कारण तुझा भाचा. एमिलला कॉलेज हवंय ते तुझ्याच गावचं, म्हणजे आपलं मेन राज्य सोडून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तेही ‘अर्ली डिसिजन’ने: अर्ज एक नोव्हेंबरच्या आत, उत्तर डिसेंबरात, आणि त्यांनी घेतलं की जायचंच, बाकी सगळीकडे नाही म्हणून कळवायचं. मी म्हटलं, ‘रेग्युलर’ भर, जानेवारीत, चार-पाच ठिकाणी. उत्तरं आली की मे महिन्यापर्यंत निवांत निवडू. (त्यातल्या तीन ठिकाणांहून संध्याकाळी जेवायला घरी येता येतं, हा निव्वळ योगायोग.) एमिलचे बाबा, मार्सेल, गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे वाद घालायलाही तिसरं माणूस नाही.

अर्लीच्या करारावर तीन सह्या लागतात: मुलाची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. आता आपल्या शाळेत समुपदेशक कोण, तर मीच. एकोणीस वर्षं रडवेल्या आईबापांपुढे रुमालांचा डबा सरकवून एकच वाक्य म्हणत आले. समुपदेशक म्हणून सही मी सोमवारी दोन मिनिटांत केली. मग टेबलाला वळसा घालून पालकांच्या खुर्चीत जाऊन बसले. (ती इतकी बुटकी आहे, हे आजवर एकाही मेल्याने सांगितलं नाही.) बसले, आणि सही न करताच उठले.

त्याच संध्याकाळी दुकानात प्लोयच्या धिरड्यांचं पीठ घेताना ल्युसियन भेटला. तीन वर्षांपूर्वी मुलीच्या कागदावर सही करताना हा बटाटेवाला टोपी पिळत त्याच खुर्चीत बसला होता. आता पाच माणसांदेखत मला म्हणतो, “कागद पोराचा आहे, रोझान. सही करायची आणि वाटेतून बाजूला व्हायचं. तूच म्हणाली होतीस ना?” माझंच वाक्य, माझ्याच सुरात. राग आला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि त्याने स्वतःचा मळका रुमाल पुढे केला.

रात्रीच्या जेवणात एमिलने सात प्लोय खाल्ले. (एरवी अकरा खातो.) ताट विसळून थेट खोलीत गेला. रुसलाय, दुसरं काय. रुसू दे. मी सही करणार नाही, हे ठाम आहे. तू त्याला फूस लावू नकोस, एवढीच विनंती.

तुझी,
रोझान

ता. क. सही केली. आज दुपारी, त्याच बुटक्या खुर्चीत बसून.

पुन्हा ता. क. दादा, घोटाळा झाला. संगणकावर माझ्या दोन्ही सह्या दिसतात आणि एमिलची जागा रिकामी आहे. विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, “तू एकटी पडशील, आई.” मी पुष्कळ समजावलं, पण माझ्यावर त्याचा विश्वास नाही. जास्तीचं तिकीट लावलंय, पत्र शुक्रवारी पोचेल. मुदत शनिवारपर्यंत आहे. त्याला फोन कर. अठराव्या वर्षी तू गेलास तेव्हा मी ईस्टरपर्यंत रोज तुझं ताट मांडत होते. हे तुला कुणी सांगितलं नसेल, तूही त्याला सांगू नकोस. त्याच दिवशी मी तुझी खोली बळकावली आणि गाढ झोपले, असं सांग. नीट सांग, मी शेजारीच उभी असेन.