पिवळं कार्ड

५ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात. गुडघा सोललाय, वाकता येत नाही.)

तुझी अट मान्य. फोनवर मी तिसऱ्या वाक्याला पेटतो आणि तू चौथ्याला ठेवून देतेस, तेव्हा यापुढे पत्रच. बाबांना सांग, दिवटा कामाला लागला. कॉलेज अर्ध्यावर टाकलेल्याला दारात तरी कोण उभं करणार, असं ते म्हणाले होते ना? एका प्राथमिक शाळेने केलंय, तेही भर मैदानात. मी फुटबॉलचा सर आहे. हंगामी, पण सर. खोली शाळेमागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानावर मिळालीय. खाली मशीन सुरू झालं की वर माझी खाट थरथरते, गजर लावायचं काम नाही.

संघातली पोरं इरसाल आहेत. गोलात आठ वर्षांची एक मुलगी उभी राहते. हातमोजे तिला कोपरापर्यंत येतात, वाऱ्याने उडेल इतकी हडकुळी, पण गोल म्हणून होऊ देत नाही. सगळे तिला भिंत म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी एका पोराला गाढव म्हणालो आणि दुसऱ्या सकाळी त्याची आई फाटकावर हजर. तेव्हापासून दोन नियम केलेत. सर ओरडले तर सरांनाही कार्ड: पिवळं म्हणजे ताकीद, लाल म्हणजे बाहेर. कार्डं भिंतीकडे असतात, कारण ती लाच घेत नाही. मी चॉकलेट देऊन पाहिलं, तिने चॉकलेट खाल्लं आणि कार्डही दाखवलं. दुसरा नियम, मैदानातली गोष्ट मैदानात. घरी जाऊन चुगल्या नाहीत. हा नियम थेट माझ्या डोक्यातून निघालाय, त्यामुळे मला त्याचा फार अभिमान आहे.

आता मुख्य बातमी. गणिताच्या बाई. आत्या, हसू नकोस, या वेळी खरं आहे. फळा पुसून झाल्यावर त्या हातावरचा खडू फुंकरून उडवतात, तेवढं खिडकीतून दिसावं म्हणून मी सरावाची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणलीय. परवा धीर करून विचारलं की त्रैराशिक म्हणजे नेमकं काय. त्यांनी समजावलं. मला कळलं नाही, म्हणजे पुन्हा विचारता येईल. आणि गंमत म्हणजे त्या भिंतीच्या सख्ख्या आत्या आहेत. आत्या नावाच्या माणसांपुढे जन्मभर हात जोडायचं माझ्या नशिबीच दिसतंय.

हो, ती भिंत जरा विचित्र आहे. चेंडू तोंडावर आला तरी डोळा मिटत नाही, पण परवा पेनल्टी अडवली म्हणून टाळी द्यायला मी हात वर केला, तर खाली बसून डोकंच झाकून घेतलं. मग स्वतःच हसली.

लोभ आहेच, तो जरा वाढव. इथे पगार कमी आहे.
तुझा,
बंब

*

१० ऑगस्ट

चि. बंबास,
अनेक आशीर्वाद, आणि गुडघ्याला मलम.

तुझ्या बापाला पत्र वाचून दाखवलं. ऐकत नसल्याचं सोंग करून त्याने पूर्ण ऐकलं, आणि शाळेत जेवण देतात का, एवढंच विचारलं. म्हणजे विरघळतोय. माझा भाऊ आहे, मला त्याची कळ ठाऊक आहे. तुलाही लहानपणी बंब नाव त्यानेच ठेवलं, लवकर तापतोस म्हणून. स्वतः कोण आहे ते विसरून.

गणिताच्या बाईंविषयी इतकंच सांगते, की त्रैराशिक न कळणाऱ्या माणसावर जीव जडल्याचं शाळेतल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेलं नाही. पाढ्यांपासून सुरुवात कर.

पण बंब, पानभर बाई आणि शेवटी दोन ओळींत भिंत, असं का लिहिलंस? त्या दोन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. चेंडूला न भिणारं पोर हाताला भितं, ते विचित्र नसतं रे. त्याने तो हात कुठेतरी ओळखलेला असतो. तू काही चौकशी करू नकोस, खोदून विचारू नकोस. तिच्याशी नेहमीसारखा वाग, डोळे उघडे ठेव आणि मला उलट टपाली लिही.

माझा लोभ तुला पगारावर कधीच नव्हता.
आत्या

*

१४ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तेच निघालं.

काल सराव संपल्यावर भिंत बाकावर बसून मोजे सारखे करत होती. पोटऱ्यांवर वळ होते. जुने पिवळट, नवे जांभळे, सरळ रेघांसारखे. मी फक्त काय लागलं म्हणून विचारलं. दूध सांडलं म्हणून बाबांनी पट्ट्याने मारलं, असं तिने सांगितलं, गृहपाठ सांगावा तसं. मग पटकन मोजे वर ओढले आणि मला बजावलं की मैदानातली गोष्ट मैदानात, नियम सरांचाच आहे. आणि आत्या, मी हो म्हणालो. वर शपथ घेतली.

तिचे बाबा म्हणजे चौकातला सायकलवाला. सगळ्या पालकांत गोड माणूस, आमच्या चेंडूंत फुकट हवा भरून देतो. आई दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येते. संध्याकाळी मी त्याचं थोबाड फोडायचं ठरवून दुकानावर गेलो. त्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं, हवेसाठी त्याच्याकडे ठेवलेल्या आमच्या जाळीतले सगळे चेंडू काढून हवा भरली आणि पोरीवर लक्ष असू द्या म्हणाला. मुठी आवळून गेलो होतो, परत आलो तो दोन्ही हातांत चेंडूंची जाळी धरून. इतका बावळट मी आयुष्यात दिसलो नसेन.

रात्रभर विचार केला. हा माणूस गणिताच्या बाईंचा थोरला भाऊ. मी तक्रार केली तर त्या माझं तोंड पाहणार नाहीत. आधी त्यांच्याशी बोलू का? की त्याला एकदा बाजूला घेऊन दम देऊ? कदाचित एकदाच घडलं असेल. माझ्याकडे पुरावा काय आहे? मी हंगामी माणूस. आणि पोरीला दिलेल्या शब्दाचं काय? ती नियम मोडत नाही, तिच्यासमोर मी कसा मोडू?

लवकर लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल.
बंब

*

१६ ऑगस्ट

चि. बंब,
आशीर्वाद.

शिव्या नंतर. हे पत्र मिळेल त्याच दिवशी मुलांच्या संरक्षणाचं जे कार्यालय आहे तिथे फोन कर. नंबर शाळेच्या सूचनाफलकावर असतो, बहुधा सहलीच्या सूचनेखाली झाकलेला.

शाळेत काम करणाऱ्याला नुसती शंका आली तरी कळवावं लागतं, असा कायदा आहे. मैदानावरचा हंगामी सरही त्यात आला. शंका खरी की खोटी हे ठरवणं त्यांचं काम, तुझं नाही. पुरावा गोळा करत बसायचं नाही. मुख्याध्यापकांना सांग, पण त्यांना सांगितलं म्हणजे सुटलो असं समजू नकोस. जे तू पाहिलंस ते तूच सांगायचं.

बापाला दम देशील तर तू घरी जाऊन झोपशील आणि तो राग निघेल पोरीवर. त्याचं थोबाड फोडशील तर तिच्या लेखी हात उगारणारा आणखी एक माणूस वाढेल, बाकी काही नाही. बाईंशीही आधी बोलायचं नाही. त्या शिक्षिका आहेत, कायदा त्यांनाही आहे, पण त्या बहीणही आहेत. मीही एकाची बहीण आहे, म्हणून सांगते. माझ्या भावाने तुझ्यावर पट्टा उचलला असता, तर मला पहिली रात्र त्याच्यासाठी सबबी शोधण्यात गेली असती. तुझ्यासाठी ती एक रात्र फार झाली असती.

आणि शब्द. तो तू द्यायलाच नको होतास. आता मोडायचाच आहे, तर चोरून मोडू नकोस. फोन झाला की तिला स्वतः सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

माझा लोभ राहीलच, तू हे केलंस तर मान ताठ करून राहील.
आत्या

*

२० ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

केलं.

मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले की घरगुती बाब आहे, महिनाअखेरीला पालकसभा आहेच, तेव्हा गोडीत विषय काढू. मी तापलो होतो, पण टेबलावर हात आपटला नाही, याची नोंद घे. फक्त म्हणालो की तोवर दूध रोज येतं, सर. आणि त्यांच्या दारातून निघून फलकाकडे गेलो. नंबर सहलीच्या सूचनेखालीच होता.

फोनवर एक बाई होत्या. मी सुरुवात केली की तो माणूस राक्षस आहे, वरून साखर आणि आतून विष. त्यांनी शांतपणे विचारलं की मी काय पाहिलं. मी म्हणालो असल्या लोकांना भर चौकात उभं केलं पाहिजे. त्यांनी पुन्हा विचारलं, काय पाहिलं. असं होता होता माझी सगळी विशेषणं गळून पडली आणि उरलं ते इतकंच: हात वर केला तर डोकं झाकते, पोटऱ्यांवर वळ आहेत, बाबांनी पट्ट्याने मारलं असं तिने स्वतः सांगितलं. एवढंसं. मला लाज वाटली की हे फारच थोडं झालं. त्या म्हणाल्या की पुरेसं आहे, आणि शाळा सुटायच्या आत कुणीतरी येईल.

मग भिंतीला गाठलं. मधल्या सुट्टीत गोलाच्या खांबाला टेकून बसली होती. मीही शेजारी बसलो, हात मांडीखाली ठेवून. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. शेवटी तिला विचारलं की सामन्यात कुणाला लागलं तर आपण काय करतो. चेंडू बाहेर मारतो, ती म्हणाली, गोल होत असला तरी. मी सांगितलं की मी तेच केलंय. तिला लागत होतं म्हणून मदत करणाऱ्या मोठ्या माणसांना कळवलं, ती येतील, आणि यात तिची काही चूक नाही. ती बराच वेळ गवत उपटत राहिली. मग तिने आठवण करून दिली की सरांनी शपथ घेतली होती. हातमोजे काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि वर्गात निघून गेली.

दुपारी दोन बायका आल्या. त्या दिवशी ती बाबांबरोबर घरी गेली नाही.

संध्याकाळी गणिताच्या बाई मैदानावर आल्या. आजवर स्वतःहून कधी आल्या नव्हत्या, आणि आल्या त्या अशा. फोन मी केला का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्या गेल्या. खडू अजून हातावर होता, आत्या, फुंकर मारायची राहिली होती.

हातमोजे माझ्या उशाशी आहेत. खाली मशीन चालू झालं की तेही थरथरतात.

लोभ कर. सध्या दुसरीकडून मिळण्याची शक्यता नाही.
बंब

*

२८ ऑगस्ट

क्रीडाशिक्षक यांस,
नमस्कार.

हे पत्र लिहावं की नाही, यात चार दिवस गेले. मी तुमच्यावर रागावले आहे. तो राग न्याय्य नाही हे मला कळतं, पण म्हणून तो लगेच जात नाही.

मला ठाऊक होतं. वळ मी तुमच्या आधी पाहिले होते. दादाशी भांडले, त्याने दर वेळी डोळ्यांत पाणी आणून पुन्हा असं होणार नाही म्हणून सांगितलं, आणि मी दर वेळी विश्वास ठेवला. वर्गात मुलांना सांगते की तेच गणित तसंच सोडवलं तर उत्तर बदलत नाही. शिक्षिका म्हणून कळवणं माझंही काम होतं. का कळवलं नाही, याचा जबाब मला द्यावा लागला. दिला. पुढे काय होईल ते होईल.

वहिनी नोकरीवरून रजा घेऊन आल्या आहेत. त्या आणि भाची माझ्याकडे राहतात. दादाला सध्या तिला भेटता येत नाही, ठरलेल्या दिवशी मुलांच्या संरक्षणाच्या कार्यालयात जावं लागतं. पहिल्या दिवशी त्याला सोडायला मीच गेले.

भाची रात्री दूध मागते आणि कडेपर्यंत भरायला लावते. पेला घेऊन मुद्दाम खोलीभर फिरते, आमची तोंडं बघत. काल सांडलं. कुणी काही बोललं नाही. तिने स्वतः पुसलं आणि पुन्हा भरून मागितलं.

शनिवारी तिला सरावाला पाठवते आहे. तुमच्याकडे तिचे हातमोजे आहेत, ते आणावेत. चेंडूंत हवा दुसरीकडून भरून घ्यावी.

स्नेहाचं काही आश्वासन आज देत नाही. कळावे.
गणितशिक्षिका

*

३१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (गुडघा बरा आहे, या वेळचे साष्टांग खरे.)

पोस्टमनला थांबवून हे लिहितोय, कारण तू वाट बघत असशील, आणि बाबाही, ऐकत नसल्याचं सोंग करून.

शनिवारी भिंत आली. चेंडूंत मी स्वतः हवा भरली होती, उसन्या पंपाने, त्यामुळे दोन दगडासारखे आणि एक भाकरीसारखा झाला होता. तिने एकेक दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मी हातमोजे पुढे केले. घेतले नाहीत. आधी सगळ्या संघाला गोल उभं केलं, मला मधे बोलावलं आणि खिशातून कार्डं काढली.

आत्या, दोन्ही कार्डं तिच्या हातात, आणि ती एकदा याकडे बघायची, एकदा त्याकडे. मला लाल मिळालं असतं तर मी निघून गेलो असतो, खरं सांगतो. तो तिचा अधिकार होता.

तिने पिवळं दाखवलं.

मग कारण सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चेंडू बाहेर मारला ते बरोबर होतं. पण पाळता येणार नाही ती शपथ सरांनी घेतली, त्याबद्दल ताकीद. एका पोराने विचारलं की मग मैदानातली गोष्ट मैदानात, त्या नियमाचं काय. तो नियम रद्द, असं तिने माझ्याकडे न बघताच जाहीर केलं. माझ्या डोक्यातून निघालेला एकमेव नियम, तीन शब्दांत गेला. मी अपील केलं नाही.

नंतर हातमोजे घालून गोलात उभी राहिली आणि आम्हाला एकही गोल करू दिला नाही. शेवटची पेनल्टी मी मारली, तीही अडवली. माझा हात सवयीने वर जायला निघाला, मी अर्ध्यात खाली घेतला. तिने पाहिलं. जवळ आली आणि बुटाने माझ्या बुटाला टक्कर दिली. चांगलीच जोरात, अंगठा सुजलाय.

गणिताच्या बाई तिला न्यायला फाटकाशी उभ्या होत्या. मी गेलो नाही, त्रैराशिकही काढलं नाही. त्यांनी जाताना नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही, आणि या वेळी मी पुन्हा विचारणार नाही. त्यांना वाटेल तेव्हा त्या सांगतील.

बाबांना सांग, शाळेत जेवण देत नाहीत, पण मुदत तीन महिन्यांनी वाढवलीय. मुख्याध्यापकांनी स्वतः सहीचा कागद दिला, चष्मा पुसत. फलकावरची सहलीची सूचनाही आता बाजूला सरकवलीय. ती मी सरकवली, पण त्यांनी परत सरकवली नाही.

ओरडल्याची कार्डं सराव संपला की पुसली जातात, हे मात्र माझ्या नावावर हंगामभर राहणार आहे. आणखी एक मिळालं की बाहेर, असा नियम आहे, तेव्हा जपून खेळतोय. लोभ तसाच असू दे.

तुझा, अजून मैदानात असलेला,
बंब