फळ्याचा चौथा नियम

३ नोव्हेंबर ८३, पौड
सकाळीच पारूबाई माझ्या शिलाईच्या दुकानात. कासार आंबोलीची, नवरा जाऊन दोन वर्षं. दीर शंकर रस्त्याकडची जमीन पुण्याच्या साहेबाला विकतोय. सातबाऱ्यावर एकट्या दिराचं नाव. "मास्तर, फळ्यावर ल्ह्या, त्यात माजा हिस्सा हाय. पुन्याची मानसं यष्टीतनं उतरली की फळा वाचत्यात."
गावचा फळा माझ्याच दुकानाच्या भिंतीवर, अक्षरही माझंच. चार दिवसांपूर्वी शंकरची 'जमीन विकणे आहे' मीच लिहिली. वेलबुट्टी काढून, हौसेनं!

४ नोव्हें.
फळ्याची कमिटी बसली. गुरुजी, अण्णा, मी. गु. म्हणाले, जाहिरात चालते. पण नियम ४: कुणाचं नाव, कुणाच्या घरातली गोष्ट फळ्यावर नको.
मी म्हटलं, पण बाईचं नुकसान...
"मास्तर, हा नियम कुणासाठी केला?" गु. म्हणाले.
माझ्यासाठीच. धाकटी बहीण नूर सासर सोडून आली, तेव्हा कुणीतरी फळ्यावर घाण लिहिली होती. मी गुरुजींचे पाय धरले होते. आता कुठल्या तोंडानं बोलू? लाज वाटली.

६ नोव्हें.
पारूबाई पुन्हा. "नावं नगं. 'त्या जमिनीत येका बाईचा हिस्सा हाय', येवढंच ल्ह्या."
कमिटीकडे गेलो. गु. म्हणतात, निनावी मजकूर कसा चालेल? खाली सही हवी. ती सही करायला तयार. तर म्हणे सही म्हणजे नावच, नि. ४.
अण्णा हसले. मीही हसलो. का हसलो कुणास ठाऊक.

७ नोव्हें.
दुकान उघडलं तर फळ्यावर चुन्यानं, वाकडंतिकडं: 'जमीनित माजा हिसा हाय. पारू.' गुरुजींच्याच प्रौढ वर्गात शिकलेली. ते सायकलवरून उतरले, वाचलं, माझ्याकडे बघत उभे राहिले.
मी ओल्या फडक्यानं पुसलं. चुना जाता जात नाही. नूर आतून बघत होती. दिवसभर काजं केली तिनं, बोलली नाही.

९ नोव्हें.
पुण्याचे साहेब आले. शंकरची जाहिरात वाचली, मग मला विचारलं, "जागेत काही भानगड नाही ना?"
इथं कसला नियम? तोंड माझं, दुकान माझं. आणि मी म्हणालो, "फळ्यावर आहे तेवढंच माहीत आहे, साहेब."
जेवण गेलं नाही.

१४ नोव्हें.
खरेदीखत झालं. शंकरनं पेढे वाटले, एक माझ्या मशीनवर ठेवून गेला. जाहिरात पुसली. गु. खूश. म्हणाले, तालुक्यात इतका स्वच्छ फळा दुसरा नसेल.

१७ नोव्हें.
पारूबाई बाहेर ओट्यावर बसली होती. काही मागितलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. "चहा घ्या" म्हटलं. "न्हाई मास्तर. यष्टी कवा हाय?" मुठ्याला भावाकडे चालली होती. बरोबर एकच बोचकं. भाऊ किती दिवस ठेवणार, हे तिलाही माहीत आणि मलाही.

१८ नोव्हें.
नूर आज बोलली. खडू आणून माझ्यापुढं ठेवला.
"भाई, माजं नाव ल्ही फळ्यावर. नूर नवऱ्याला सोडून आली. सही माजी."
"वेडी झालीस?"
"माजं घातलं म्हंजे पारूबाईचंबी घालता यील."
"खत झालं, नूर. आता काय उपयोग?"
"मला ठावं हाय. तरी ल्ही."
मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, तीन वर्षं म्हंत्यातच की, फक्त फळ्यावर न्हाई.
खडू घेऊन बाहेर गेलो. गुरुजी समोरच्या हॉटेलात चहा पीत होते. त्यांनी हात केला, मीही केला. फळ्यावर तारीख घातली. तारीख चालते.
खडू अजून सदऱ्याच्या खिशात आहे. नूर जेवायला थांबली आहे.