काचेचा पेला वीसला, स्टीलचा साठला

अहो,

आज स्वयंपाक केलेला नाही. लेकीला घेऊन चाललेय, मागे येऊ नका.

तुम्ही महिन्याला चार पेले भिंतीवर फोडता. काचेचा वीसला, स्टीलचा साठला. कोणता स्वस्त पडेल, हे लेकीने शाळेतल्या उदाहरणासारखं वहीत सोडवलं आणि मला स्टीलचे सहा घ्यायला लावले. काल त्यातलाच एक तुम्ही मला फेकून मारलात. पेल्याला पोचाही आला नाही, माझ्या कपाळाला सात टाके पडले. डॉक्टर टाके घालत असताना ती रडत म्हणाली, "आई, माझं गणित चुकलं."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिने उदाहरणात फक्त भिंत धरली होती, मला धरलं नव्हतं.

सहाही पेले घासून मांडणीवर ठेवलेत. आता घरात ते फेकून मारायला समोर फक्त भिंतच उरलीय.